नवीन बॉल पायथन खात नाही: आधी काय थांबवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तीन आठवड्यांपूर्वी बेंगळुरूहून बॉल पायथन या आफ्रिकी सापाचं पिल्लू तुमच्या डिचोलीच्या घरी आलं. वजन ११० ग्रॅम. हॉलमध्ये टीव्हीशेजारी तीन फुटी काचेच्या टँकमध्ये ते ठेवलंय, वर पिवळा बल्ब लावलाय, मुलं शाळेतून आली की त्याला हातात घेतात. आल्या दिवसापासून तुम्ही एक दिवसाआड जिवंत उंदीर आत सोडताय, पण ते तोंड लावत नाही. डोकं वेटोळ्यात खुपसून बसून राहतं. आता ओळखीच्या एकाने सांगितलंय की तोंड उघडून घास आत ढकला, नाहीतर मरेल. तसं करावं का?

नाही. तोंड उघडून भरवू नका. आणि आजपासून उंदीर सोडणंही थांबवा. पुढचे सात-आठ दिवस त्याला खायला काहीच द्यायचं नाही, फक्त स्वच्छ पाणी. उपाशी जिवाला आणखी उपाशी ठेवा म्हणणं कठोर वाटेल, म्हणून कारण नीट सांगतो.

मी फोंड्याला पशुवैद्य आहे. गुरं, कुत्री, मांजरं हे रोजचं काम, पण अलीकडे पाळलेले साप आणि इग्वानाही नेमाने यायला लागलेत. सापांच्या बाबतीत ‘खात नाही’ हीच तक्रार सगळ्यांत जास्त असते. बहुतेक वेळा तो साप आजारी नसतो. तो घाबरलेला असतो किंवा गार पडलेला असतो, आणि पुष्कळदा दोन्ही. ही दोन कारणं दूर झाली की भूक आपली आपण येते. ती आणायला वेगळं काही करावं लागत नाही.

हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या माळरानांचा. तिथे त्याचा दिवस उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात जातो आणि अंधार पडल्यावर तो बाहेर येतो. आपल्याकडे सातेरीच्या देवळात ज्यांनी वारूळ जवळून पाहिलंय त्यांना आतली जागा कशी असेल याची कल्पना येईल: काळोखी, दमट, आणि अंगाला चारी बाजूंनी मातीचा स्पर्श होईल इतकी अरुंद. असा प्राणी आपण आणतो आणि चारी बाजूंनी उघड्या काचेत, ट्यूबलाइटखाली, माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवतो. त्याच्या लेखी तो उघड्यावर सापडलाय. डोकं वेटोळ्यात लपवून बसणं हा त्याचा एकमेव बचाव आहे, आणि तोंड लपवलेला साप शिकार करत नाही. त्यात तुमच्या पिल्लापुढे एक दिवसाआड एक जिवंत, धावणारा, चावू शकणारा उंदीर येतोय. तुमच्या दृष्टीने ते जेवण आहे. घाबरलेल्या पिल्लाच्या दृष्टीने, ज्या कोपऱ्यातून पळायला वाट नाही तिथे आलेला तो आणखी एक शत्रू आहे. दर खेपेला ही भीती नव्याने बसते. म्हणून देणं थांबवायचं.

आणखी एक गोष्ट तुमच्या वर्णनात खटकली. तुम्ही ‘मोठा पांढरा उंदीर’ लिहिलंय. पूर्ण वाढलेला पांढरा माउस, म्हणजे लहान जातीचा उंदीर, साधारण २५-३० ग्रॅमचा असतो. ११० ग्रॅमच्या पिल्लाला वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे ११ ते १६ ग्रॅमचा उंदीर पुरे. अंगावर पूर्ण लव आलेला, पण अजून पुरता न वाढलेला. डोळ्यांनी मोजायचं तर सापाचं शरीर जिथे सगळ्यांत जाड आहे, तेवढीच जाडी उंदराची हवी.

आता जागा. हॉलमधून त्याला आजच हलवा. घरात सगळ्यांत कमी वर्दळीची खोली कोणती ते तुम्हालाच माहीत. आतली झोपायची खोली चालेल, पण तिथे रात्रभर एसी लागत असेल तर नको. एसीने हवा २२-२३ अंशांवर येते आणि कोरडीही पडते. टीव्ही, स्पीकर, मिक्सर, वॉशिंग मशीन यांच्यापासून लांब ठेवा. जमिनीतून आणि टेबलातून येणारा हादरा सापाला जबड्याच्या हाडातून थेट कळतो.

टँक मोठा असणं वाईट नाही, मोठा आणि रिकामा असणं वाईट. तीन फुटांचा टँक ठेवायचाच असेल तर तो भरून टाका. तीन बाजूंना बाहेरून पुठ्ठा किंवा जाड कागद चिकटवा, आत झाडाची वाळकी फांदी, प्लॅस्टिकच्या वेली, पुठ्ठ्याच्या नळ्या असं काहीबाही ठेवा. इतकं, की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना साप क्षणभरही उघडा पडू नये. एवढ्या छोट्या पिल्लासाठी मला स्वतःला मात्र झाकणाला क्लिपा असलेला दीड-पावणेदोन फूट लांबीचा प्लॅस्टिकचा डबा अधिक पसंत आहे. सोल्डरिंग आयर्नने बाजूंना भोकं पाडायची आणि आतली धार घासून काढायची, नाहीतर नाक घासून जखम होते. पिल्लू खायला लागून दोन-तीनशे ग्रॅमचं झालं की परत मोठ्या टँकमध्ये न्या.

लपायच्या जागा दोन हव्यात, एक उबदार बाजूला आणि एक गार बाजूला. एकच असली की सापाला ऊब हवी की आडोसा, यांतलं एक निवडावं लागतं. तो आडोसा निवडतो आणि पचनाला लागणारी ऊब सोडून देतो. दुकानातली महागडी प्लॅस्टिकची गुहा घ्यायची गरज नाही. आपल्याकडे मोठ्या नारळाची अर्धी करटी मिळते. आतलं खोबरं खरवडून, उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात कडक वाळवायची आणि काठाला दोन बोटं रुंदीचं दार कापायचं. ११० ग्रॅमचं पिल्लू तिच्यात बरोबर बसतं. पाठ करटीला टेकते, बाजू टेकतात, आणि दारातून फक्त नाकाचं टोक दिसतं. असं नाक दिसायला लागलं की समजा, साप बाहेरचा अंदाज घेऊ लागलाय. जुन्या घराची नळ्यांची कौलं पडली असतील तर पुढे वाढलेल्या सापाला तीही छान, फक्त एक तोंड दगडाने बंद करायचं. दोन्ही बाजूंनी उघडं कौल हे लपण नव्हे.

खाली अंथरायला पहिले दोन महिने साधा वर्तमानपत्राचा कागद किंवा किचन टिश्यू. दिसायला बरं नाही, पण विष्ठा कशी आहे, पिसवांसारखे काळे ठिपके पडलेत का, पोटाखाली ओल राहते का, हे सगळं कागदावर ताबडतोब दिसतं. कोकोपीट नंतर घाला.

उबेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण अर्ध्याहून जास्त घरांत इथेच चुकतं. सापाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. जठरातला उंदीर पचवायला लागणारी उष्णता त्याला बाहेरून घ्यावी लागते, आणि ती मिळणार नसेल तर शरीर खायचंच नाकारतं. खाल्लेला उंदीर न पचता आत कुजण्यापेक्षा उपास बरा, असा तो हिशोब आहे. उबदार लपणाच्या आत, जमिनीलगत, ३१ ते ३३ अंश सेल्सियस हवं. गार टोकाला २५ ते २७. गोव्यात पावसाळ्यात खोली स्वतःच २६-२८ अंशांवर असते, त्यामुळे गार टोकाची काळजी मिटते. पण त्यामुळेच लोकांना वाटतं की आपल्याकडे गरमीच आहे, सापाला वेगळी ऊब कशाला? आपल्याला घाम येतो ते तापमान त्याला पचनासाठी अपुरं आहे.

पिवळा बल्ब काढून टाका. तो रात्री बंद केला की थंडी, चालू ठेवला की उजेड, आणि हा निशाचर प्राणी दोन्हीत हैराण. डब्याच्या तळाच्या एका तृतीयांश भागाखाली, बाहेरून, हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, लावा. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरावीक ठेवणाऱ्या उपकरणाशिवाय, ती कधीही जोडू नका. थर्मोस्टॅटची सेन्सर वायर मॅट आणि डब्याच्या मध्ये घट्ट चिकटवा, सापाच्या हालचालीने ती सरकता कामा नये. थर्मोस्टॅट नसलेली मॅट ४५ अंशांच्या वर सहज जाते. साप तिच्यावर पडून राहतो, कारण त्याला चटका आपल्यासारखा लगेच जाणवत नाही. भाजलेल्या सापाचं पोट मी पाहिलंय: आधी पोटाचे पांढरे पट्टे गुलाबी होतात, मग तपकिरी, मग एकेका खवल्याखाली पाणी धरतं, आणि पुढे महिनोन्महिने प्रत्येक कातेबरोबर ती जखम पुन्हा उघडते. थर्मोस्टॅटचे हजार-दीड हजार रुपये वाचवायच्या नादात हे होतं. काचेवर चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर घेऊ नका, तो हवेचं तापमान दाखवतो आणि तेही धड नाही. वायर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि वायरचं टोक करटीच्या आत ठेवा.

दमटपणा ६० ते ८० टक्के हवा. जुलैत डिचोलीला बाहेरची हवाच नव्वदीला असते, तेव्हा स्प्रेने पाणी मारू नका. तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारताय असं लिहिलंय, ते लगेच बंद करा. दमट हवा वेगळी आणि ओलं अंथरूण वेगळं. ओल्या कागदावर पडून राहिलेल्या सापाच्या पोटाला फोड येतात, आणि ओलसर गार हवेत छाती धरते. पावसाळ्यात भोकं वाढवा, पाण्याचं भांडं गार बाजूला ठेवा, कागद ओला दिसला की बदला. उलट डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः सत्तरी-सांग्याच्या बाजूला रात्री गारठा पडतो आणि पूर्वेचा कोरडा वारा सुटतो, तेव्हा कात अडकते. त्या दिवसांत एका लपणात ओला पिळलेला स्पंज नाहीतर मॉस ठेवायचं. एकाच घरात वर्षभर एकच नियम चालत नाही.

वीज जाणं तुमच्याकडे नवीन नाही. पावसाळ्यात दोन-तीन तास गेली तर काही बिघडत नाही, खोली गार पडत नाही. पण साप जेवलेला असेल आणि रात्रभर वीज येण्याचं चिन्ह नसेल तर डब्याला चादर गुंडाळा आणि टॉवेलात लपेटलेली गरम पाण्याची बाटली बाहेरून टेकवून ठेवा, आत नाही.

मुंग्या. गोव्यात हा विषय टाळता येत नाही. मेलेला उंदीर आत असला की तासाभरात रांग लागते, आणि मुंग्या झोपलेल्या सापालाही डसतात. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आपल्या आज्या कपाटाला करायच्या तसं. वाटीतलं पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर डासांची सोय होते. त्या खोलीत कीटकनाशकाचा फवारा मारू नका आणि डासांची कॉइल लावू नका. यांतली रसायनं सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मज्जासंस्थेला बाधतात.

एवढी तयारी झाली की खोलीचं दार लावायचं आणि त्याला सोडून द्यायचं. मुलांशी बोला. हात न लावणं हेही त्याची काळजी घेणंच आहे, हे त्यांना पटवून द्या. रोज पाणी बदलण्यापुरताच डबा उघडायचा. आठवडाभराने, तो लपणात शांत पडलेला दिसला, रात्री बाहेर फिरल्याच्या खुणा दिसल्या, म्हणजे भांडं सरकलेलं, कागद चुरगळलेला, की तो स्थिरावतोय असं समजा. काचेला सतत नाक घासत फिरणं, पाणी बदलताना जोरजोरात श्वास घेणं हे चालू असेल तर आणखी चार-पाच दिवस थांबा. डोळे निळसर दुधी झाले आणि पोट गुलाबी दिसायला लागलं तर तो कात टाकणार आहे. तेव्हा त्याला नीट दिसत नाही आणि बहुतेक बॉल पायथन अशा वेळी खात नाहीत. कात पडू द्या. कातेनंतरच्या पहिल्या दोन-तीन रात्री मात्र त्यांना भूक चांगली लागते, ती वेळ साधा.

या दिवसांत बेंगळुरूच्या विक्रेत्याला फोन करा. पिल्लू त्यांच्याकडे अंड्यातून आलंय की परदेशातून आणलेलं? त्यांच्याकडे किती वेळा जेवलं? माउस खात होतं की रॅट, म्हणजे मोठ्या जातीचा उंदीर, जिवंत की मेलेला, आणि शेवटचं कधी? माझं पुढचं बरंचसं उत्तर याच्यावर अवलंबून आहे. माउसवर वाढलेलं पिल्लू रॅटला ओळखतही नाही, आणि जिवंतावर वाढलेल्याला मेलेला उंदीर हे अन्न आहे हे शिकवावं लागतं. विक्रेत्याकडे पाच-सहा वेळा नीट जेवलेलं पिल्लू असेल तर ही नुसती जागा बदलल्याची भीती. एकदाही जेवलेलं नसेल तर ते प्रकरण वेगळं, तेव्हा वाट पाहण्याची मुदत कमी.

आता पहिल्या जेवणाची संध्याकाळ. शक्यतो मेलेला, गोठवलेला उंदीर द्या. जिवंत उंदीर कोपऱ्यात सापडला की चावतो. पाठीचा मणका दिसेपर्यंत कुरतडलेला अजगर माझ्या टेबलावर आलाय, आणि ज्याच्या घरचा होता त्याने फक्त रात्रभर उंदीर आत ठेवला होता. शेतातला किंवा घरातल्या सापळ्यातला उंदीर तर कधीच देऊ नका. आपल्याकडे भातशेतीत आणि गोदामांत उंदरांना विष घालतात, ते उंदराच्या पोटातून सापाच्या पोटात जातं. शिवाय पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या लघवीतून पसरतो, तो धोका तुमच्या हातांना. उंदीर पाळीव प्राण्यांच्या दुकानातून, पैदास केलेले, घ्या. घरच्या फ्रीझरमध्ये मासळीशेजारी ठेवायचे तर घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात, आणि तो डबा दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही.

सकाळी उंदीर झिपच्या पिशवीत घालून फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात ठेवा. रात्री साडेआठ-नऊला, मुलं झोपायला गेल्यावर, ती बंद पिशवी हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० अंशांच्या, पंधरा-वीस मिनिटं बुडवा. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो आणि पोट फुटतं. बाहेर काढून उंदराचं पोट बोटांनी दाबा. आत गार गोळा लागला तर आणखी पाच मिनिटं. मग टिश्यूने कोरडा करा आणि डोकं पुन्हा क्षणभर गरम पाण्याला लावून पुसा. हे का, तर बॉल पायथनच्या वरच्या ओठावर खाचांची रांग असते आणि त्या खाचांतून त्याला उष्णता दिसते. काळोखात ३७-३८ अंशांचा उंदीर त्याला स्पष्ट दिसतो. तोच उंदीर खोलीच्या तापमानाला असला तर त्याच्या लेखी तिथे काहीच नाही. गोठवलेला उंदीर खात नाही म्हणून सांगणाऱ्यांतले पुष्कळ जण तो नुसता वितळवून देत असतात, तापवून नाही.

खोलीतला दिवा घालवा, पॅसेजचा उजेड पुरे. फूटभर लांबीच्या चिमट्याने उंदीर शेपटीच्या मुळाशी धरा आणि लपणाच्या दाराच्या बाजूने, समोरून नव्हे, हळू पुढे आणा. तोंडासमोर हलवत राहू नका, नाकाला टेकवू नका. खरा उंदीर सापाच्या तोंडात स्वतःहून येत नाही, तो बाजूने जातो. इंच-दोन इंच हलवा, थांबवा. आता सापाकडे बघा. जीभ हळू, लांब बाहेर यायला लागली, डोकं उंदराच्या मागे वळू लागलं आणि मान मागे घेऊन इंग्रजी एस अक्षरासारखी मोडली, तर हात तिथेच स्थिर ठेवा. झडप येईल. झडप घालून त्याने वेटोळं आवळलं की चिमटा सोडा आणि तुम्हीही दगडासारखे बसा, नाहीतर पाय न वाजवता बाहेर जा. तो पाच-दहा मिनिटं नुसता आवळून बसेल, मग डोकं शोधेल, मग गिळायला सुरुवात करेल. याच वेळी मोबाइलचा फ्लॅश मारून व्हिडिओ घेतल्याने तोंडातला घास टाकून दिलेले साप पुष्कळ आहेत.

उलट, डोकं मागे ओढलं, वेटोळं आवळलं, तोंड आत खुपसलं, तर आग्रह करू नका. उंदीर लपणाच्या दाराशी कागदाच्या तुकड्यावर ठेवा, दार लावा आणि तीन-चार तासांनी झोपण्याआधी बघा. बुजरे साप एकांतात, मेलेला उंदीर शांतपणे उचलतात. नाही खाल्ला तर फेकून द्या. वितळवलेला उंदीर परत फ्रीझरमध्ये जात नाही. आणि मग पुढचे पूर्ण सात दिवस काही नाही. इथे धीर सुटतो, मला माहीत आहे. घरातली मंडळी रोज विचारणार, खाल्लं का? पण दोन दिवसांनी पुन्हा उंदीर दाखवणं म्हणजे त्याला पुन्हा नकार द्यायला लावणं.

तीन आठवड्यांत तीनदा नकार आला तर बदल करा, पण एका वेळी एकच. माउसऐवजी त्याच वजनाचं रॅटचं पिल्लू, किंवा उलट. पुढच्या खेपेला रात्री उशिरा. त्याच्या पुढे आणखी छोटा डबा. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि पुढच्या उपासाच्या वेळी आपण पुन्हा चाचपडतो. यातलं काहीच चाललं नाही आणि पिल्लू जिवंतावरच वाढलेलं असेल, तर डोळे न उघडलेलं उंदराचं पिल्लू एकदा देऊन पाहता येतं. ते चावू शकत नाही. तरी तुम्ही तिथेच थांबायचं.

या सगळ्या काळात तुमचा आधार म्हणजे वजनकाटा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वेगळा घ्या, आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी, लपणासकट उचलून वजन करा आणि लपणाचं वजन वजा करा, म्हणजे हाताळावंही लागत नाही. आकडा वहीत लिहा. निरोगी बॉल पायथन उपासात फार कमी वजन गमावतो. वाढलेले नर तर विणीच्या हंगामात महिनोन्महिने खात नाहीत आणि ठणठणीत असतात. पिल्लाला एवढी मोकळीक नाही, पण काही आठवडे त्याला सहज निभावतात. तुमच्या पिल्लासाठी रेघ ९९ ग्रॅमवर ओढा, म्हणजे दहा टक्के घट. त्याखाली गेलं, किंवा पाठीचा कणा वर येऊन शरीर कौलारू छपरासारखं दिसायला लागलं, तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या.

वजन ठीक असूनही ताबडतोब न्यायची लक्षणं वेगळी आहेत. तोंड उघडून श्वास घेणं, नाकातून किंवा तोंडातून बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज, डोकं सतत वर धरून बसणं: ही छातीची लागण. हिरडीवर पिवळा चिकट थर. डोळ्यांच्या कडेला किंवा पाण्याच्या भांड्यात मोहरीहून लहान, हलणारे काळे ठिपके: या गोचिडीच्या जातीच्या माइट्स, आणि त्या रक्त पितात. उताणा केल्यावर सरळ होता न येणं. आणि खाल्लेलं चार-पाच दिवसांत परत बाहेर येणं. असं झालं तर दोन आठवडे काही देऊ नका, तापमान तपासा, आणि पुढचा उंदीर नेहमीच्या निम्मा. पिल्लू परदेशातून आणलेलं असेल तर यातलं काही नसलं तरी विष्ठेची तपासणी करून घ्या, पोटात जंत असण्याची शक्यता जास्त.

आता तोंड उघडून भरवण्याबद्दल, कारण ती सूचना तुम्हाला पुन्हा पुन्हा मिळणार. सापाचे दात मागे वळलेले असतात, हिरडी नाजूक असते, आणि आपण ढकललेला घास नीट अन्ननलिकेतच जाईल असं नाही. जोर लागला की तोंडात जखम, जखमेत पू, आणि मग खरंच न खाणारा साप. समजा उंदीर आत गेलाही, तरी घाबरलेला आणि गार साप तो परत टाकतो. या उलटीत पाणी आणि जठराचं आम्ल जातं, वजन उपासापेक्षा झपाट्याने उतरतं. शिवाय चिमटा म्हणजे हल्ला हे त्याच्या डोक्यात कायमचं बसतं. भरवण्याची वेळ येते, पण क्वचित, आणि ती डॉक्टरने तपासून, नळीने किंवा फार छोट्या घासाने, करायची असते.

कागदपत्रांचं चटकन सांगतो. बॉल पायथन आंतरराष्ट्रीय करारातल्या संरक्षित प्रजातींच्या यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंद वन्यजीव कायद्याखाली करावी लागते, आणि २०२४ च्या नियमांनुसार प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर अर्ज द्यायचा असतो. तुमचे एकवीस दिवस झालेत. विक्रेत्याकडून कागद मागा आणि या आठवड्यात अर्ज भरा. आपल्या रानातली आर (अजगर), धामण, दिवड, नानेटी यांतलं काहीही घरात ठेवता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण मुलांनाही सांगा.

झाकणाला कुलूप लावा, क्लिपांवर विसंबू नका. यात मला सापाइतकीच माणसांचीही काळजी आहे. तपकिरी, जाड अंगाचा, ठिपक्यांचा साप अंगणात दिसला तर शेजारी त्याला घोणस समजून मारतील. पण त्याहून वाईट उलट होऊ शकतं: तुमचा साप डब्यातच असेल आणि अंगणात खरी घोणस आली असेल, आणि मुलं ‘आपलाच सुटला’ म्हणून उचलायला जातील. चिऱ्यांच्या गडग्यातून, लाकडाच्या ढिगातून घोणस आपल्याकडे निघतेच. घराबाहेर दिसलेल्या कुठल्याही सापाला हात लावायचा नाही, तो आपल्या पिल्लासारखा दिसला तरी नाही. आधी डबा बघायचा, मग सर्पमित्राला नाहीतर वनखात्याला फोन. हा नियम घरात आजच पक्का करा.

पुढे चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येते आहे. तुमच्याकडे घर पाहुण्यांनी भरणार, फटाके वाजणार, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली दिवसभर माणसं असणार, आणि प्रत्येकाला साप बघायचा असणार. तोपर्यंत तो जेवायला लागला असला तरी त्या दिवसांत दाखवू नका आणि खायलाही घालू नका. खोली बंद, डब्यावर कापड, पाणी भरलेलं, एवढं पुरे. गणपती पोचवून घर शांत झालं की दोन-तीन दिवसांनी नेहमीचं वेळापत्रक सुरू करा.

मुलांनी त्याला कधी घ्यायचं? त्याने आठवड्याच्या अंतराने ओळीने तीनदा खाल्लं की. तेव्हाही जेवणानंतरचे पूर्ण दोन दिवस नाही. सुरुवातीला दहा मिनिटं, बसून, शरीराला खालून दोन्ही हातांचा आधार देऊन, डोक्याला स्पर्श न करता. आधी आणि नंतर साबणाने हात धुणं सक्तीचं, कारण साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू सापाच्या अंगावर असू शकतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याने लांबूनच बघावं.

आज रात्री एवढंच करा: डबा आतल्या खोलीत हलवा, दोन करट्या ठेवा, मॅट आणि थर्मोस्टॅट मागवा, वजन वहीत लिहा. आठ दिवसांनी दोन्ही टोकांचं तापमान, वजन, आणि विक्रेत्याने काय सांगितलं ते मला कळवा. पहिला उंदीर कोणता आणि कधी द्यायचा, ते त्यावरून ठरवू.